तीन मराठी पिक्चर एकाच शुक्रवारी, आम्ही बघायचा कुठला?

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

मराठी माणूस थेटरात जात नाही हे वाक्य तुमच्या पेपरात, टीव्हीवर, निर्मात्यांच्या मुलाखतीत सगळीकडे वाचून ऐकून कान किटले म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. समीक्षक स्टार देतात ते ठीक आहे, त्यांचं कामच आहे ते, पण खिशातले पैसे देऊन बघणाऱ्यांचं काय म्हणणं आहे ते पण कधीतरी छापा की. आमचं घर पाच माणसांचं. मी, आमचे हे, सासूबाई, कॉलेजातली मुलगी आणि आठवीतला मुलगा. पिक्चरचं वेड सगळ्यांना आहे, फक्त एकाच पिक्चरचं नाही, आणि डोंबिवलीतून पाच जणांना एका वेळेला तयार करून बाहेर काढणं म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाला एसटीत बसवण्यासारखं आहे. त्यामुळे आम्ही थेटरात जातो ते सणासारखे जातो, दर शुक्रवारी नाही. आणि नेमकं हेच पिक्चर काढणाऱ्यांना कळत नाही असं माझं म्हणणं आहे.

आता बघा. २०२५ च्या १ मे ला ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय!’ दोन्ही एकाच दिवशी लागले. दोन्ही घरच्यांनी मिळून बघायचे पिक्चर, दोन्ही चांगले, दोघांचा प्रेक्षक पण तोच. सुट्टी महाराष्ट्र दिनाची एकच. त्याच्या आदल्या वर्षीचा १ मे आठवा, ‘नाच गं घुमा’ आणि ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ एकाच दिवशी. आणि कळस म्हणजे १२ सप्टेंबर २०२५, त्या दिवशी ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ तिन्ही एकाच शुक्रवारी! वर्षाला बावन्न शुक्रवार असतात हो. गणपती नुकतेच गेलेले, लोकं गावाहून परत आलेली, पाकिटं रिकामी, त्यात पितृपक्ष चालू, आणि त्यात तीन तीन मराठी पिक्चर एकमेकांच्या उरावर. आमच्या घरातून त्यातला एकच थेटरात बघून झाला. दुसरा मुलीनं मैत्रिणीबरोबर बघितला. तिसऱ्याचं, म्हणजे ‘बिन लग्नाची गोष्ट’चं, ठरवेठरवेपर्यंत आमच्या जवळच्या थेटरात त्याचा एकच शो उरलेला, तो पण सकाळचा, मी तेव्हा लोकलमध्ये लटकलेली असते. प्रिया बापट आणि उमेश कामत ‘टाइम प्लीज’नंतर बारा वर्षांनी पडद्यावर एकत्र आले आणि मला ते बघायला मिळाले नाहीत याचा राग अजून आहे.

१ मे ला आम्ही ‘गुलकंद’ला गेलो, कारण दोन्ही मुलं टीव्हीवरच्या हास्यजत्रेची फॅन आणि मतदानात त्यांची बाजू जड. सचिन गोस्वामी, सचिन मोटे, समीर चौघुले, प्रसाद ओक, सगळी तीच टीम, वर सई ताम्हणकर. मध्यमवयीन जोडप्यांचा संसार आणि त्यातला संशय असा विषय, आणि पहिल्या अर्ध्यात आम्ही खरंच पोट धरून हसलो. ईशा डे नं भाव खाल्लाय, मला तर ती बाकी सगळ्यांपेक्षा आवडली, एक नजर टाकते आणि काम होऊन जातं. पण इंटरव्हलनंतर कळायला लागतं की स्किट आणि पिक्चर यात फरक असतो. स्किटला पंच पडला, टाळ्या झाल्या, विषय संपला. पिक्चरला तसं करून चालत नाही, मागचा पंच संपायच्या आत पुढचं काहीतरी उभं करावं लागतं. मुलगा म्हणाला मस्त होता. मुलगी म्हणाली टीव्हीवर पण चालला असता. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, घरी येऊन म्हणाल्या त्या सईच्या साड्या छान होत्या.

‘आता थांबायचं नाय!’ मग नंतर घरी टीव्हीवर बघितला आणि तेव्हा वाईट वाटलं की अरे हा थेटरात बघायचा होता. मुंबई महापालिकेच्या चतुर्थ श्रेणी कामगारांनी रात्रशाळेत जाऊन दहावी दिली त्या खऱ्या गोष्टीवर आहे. भरत जाधव म्हटलं की आमच्या पिढीला ‘सही रे सही’ आठवतं, ती सगळी पळापळ, आणि इथे तोच माणूस असा शांत, खाली मान घालून वावरणारा. सिद्धार्थ जाधव पण तसाच, आपली नेहमीची एनर्जी त्यानं मुद्दाम मुठीत धरून ठेवलीय. आमच्या ह्यांनी स्वतः रात्रशाळेतून दहावी केलीये, दिवसा परळला एका दुकानात काम करून. एरवी पिक्चर बघताना ते मोबाईल खाली ठेवत नाहीत, त्या दिवशी ठेवला. संपल्यावर म्हणाले, सगळं बरोबर आहे, पण रात्रशाळेतला खरा शत्रू गणित नसतो, झोप असते, मास्तर फळ्याकडे वळले की अर्धा वर्ग आडवा. मग एकेक मास्तरांची नावं आठवत बसले. वीस वर्षात मला न सांगितलेल्या गोष्टी त्या रात्री निघाल्या. पिक्चरबद्दल माझी तक्रार एवढीच की शेवटाकडे टाळ्या घ्यायचा मोह जरा जास्त झालाय, म्युझिक इतकं वाढवलंय की आलेलं रडू पण थांबतं. माणसं एवढी चांगली उभी केलीत तर ती आपोआप रडवतात ना, ढोल कशाला.

ही सवय आपल्याकडे सगळ्यांनाच लागलीये हे मात्र मी आता हट्टानं म्हणते. इंटरव्हलपर्यंत घरातली माणसं घरातल्यासारखी बोलतात, किचनमध्ये खरी भांडी असतात, सून-सासू खऱ्या कुरबुरी करतात आणि इंटरव्हल झाला, पॉपकॉर्न आले की कुणीतरी उठून भाषण देतं आणि सगळ्यांचं पटतं. ‘नाच गं घुमा’च घ्या. नोकरी करणारी बाई आणि तिच्याकडे कामाला येणारी बाई, म्हणजे आमच्यासारख्या घराघरातला विषय, तो इतकी वर्षं कुणाला कसा सुचला नाही हेच नवल. मुक्ता बर्वे चांगलीच आहे, पण नम्रता संभेरावनं ती आशाताई अशी केलीये की मी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या मावशींना चहा देताना जरा जास्तच गोड बोलले आणि त्यांना संशय आला. मावशींनी पण तो बघितला होता, भावाच्या मुलीबरोबर. मी विचारलं आवडला का, तर म्हणाल्या, आवडला, पण ताई, आम्ही एवढं बोलून नाही दाखवत, आम्ही सरळ काम सोडतो. परेश मोकाशींनी हे वाचलं तर बरं होईल, ‘एलिझाबेथ एकादशी’सारखा साधा सरळ पिक्चर ज्यांनी काढला, ज्यात पंढरपूरची पोरं एका सायकलसाठी जिवाचं रान करतात आणि कुणी कुणाला उपदेश करत नाही, त्यांच्याकडून मला जास्त अपेक्षा आहेत.

आता ‘दशावतार’. इथं मी निःपक्ष नाही हे आधीच सांगते, माझं माहेर कुडाळजवळ आहे. कार्तिकातल्या पौर्णिमेनंतर गावागावच्या जत्रा सुरू झाल्या की रात्री दशावताराचं नाटक, पेटी, मृदंग, झांज, गणपती येतो, संकासुर येतो, आणि मग आख्यान उजाडेपर्यंत. बाईची कामं पुरुषच करतात, आणि लिहिलेली वाक्यं कुणाकडे नसतात, आख्यान ठरलेलं, बोलायचं ते उभ्या उभ्या. लहानपणी आम्ही गोणपाटावर बसून अर्धं नाटक झोपेत बघितलेलं आहे. त्यामुळे दिलीप प्रभावळकर वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी तो मेकअप लावून, मुकुट चढवून उभे राहिले तेव्हा मला शेजारच्या खुर्चीतलं कोण आहे ते पण विसरायला झालं. चिमणराव, ‘चौकट राजा’तला नंदू, मुन्नाभाईतले गांधीजी केलेला माणूस, आता काय दाखवायचं राहिलंय असं वाटत होतं, तर हे. डोळ्यांनी कमी दिसायला लागलेला म्हातारा कलाकार आणि बाबा आता पुरे म्हणणारा मुलगा, हा बापलेकाचा जो भाग आहे तो माझ्या मते गेल्या काही वर्षात मराठीत आलेल्या सगळ्यात चांगल्या गोष्टींपैकी आहे. सिद्धार्थ मेनननं मुलगा छान केलाय.

नंतर पिक्चर खाणीकडे वळतो. तेही खोटं नाही, तिकडे दोडामार्ग तालुक्यात कळणे गावच्या खाणीवरून किती वर्षं लोकं भांडली ते आम्हाला माहिती आहे. पण मग मारामाऱ्या, सूड, गर्जना सुरू होतात आणि तो कानडी ‘कांतारा’ आठवायला लागतो. त्यातला आवेश दक्षिणेकडच्या लोकांना जमतो कारण ते त्यात लाजत नाहीत, आपण अर्धे लाजत अर्धे करत असतो. मला तो भाग कमी आवडला. ह्यांना आणि मुलाला मात्र तोच आवडला, त्यावरून घरी येईपर्यंत वाद चालला होता, रिक्षावाल्यानं पण मत दिलं, तो ह्यांच्या बाजूचा. सासूबाई साताऱ्याकडच्या, त्यांना दशावतार माहिती नव्हता, त्यांनी विचारलं, खरंच रात्रभर बसतात का गं लोकं? म्हटलं बसतात. तेव्हापासून येत्या जत्रेला मला न्या म्हणून मागे लागल्यात. एका पिक्चरनं एवढं केलं तर अजून काय पाहिजे, म्हणून मारामाऱ्या माफ.

हिंदीचं पण बोलते थोडं, कारण आमच्या घरात ते पण तितकंच चालतं आणि उगीच खोटं कशाला सांगू. ‘छावा’ला आम्ही पाचही जण गेलो होतो, फेब्रुवारीत, शिवजयंतीच्या आसपास, थेटर खचाखच, सुरू व्हायच्या आधी घोषणा, संपल्यावर घोषणा. विकी कौशलनं जीव तोडून काम केलंय यात वाद नाही, कवी कलश झालेला विनीत कुमार सिंग मला त्याच्यापेक्षा पण आवडला. औरंगजेब झालेला अक्षय खन्ना फार बोलतच नाही आणि म्हणून भीती वाटते. येसूबाईंना मात्र नुसतं ओवाळायला आणि काळजी करायला ठेवलंय, हे मला पटलं नाही, त्या बाईनं पुढे केवढं सोसलं आणि केवढं सांभाळलं. ट्रेलर आला तेव्हा लेझीमच्या नाचावरून केवढा गदारोळ झाला आणि तो प्रसंग काढला पण, येसूबाईंच्या कामाबद्दल तेवढं कुणी बोललं नाही. शेवटचा छळाचा भाग सासूबाईंना बघवला नाही, त्या बाहेर जाऊन बसल्या. आमच्या पुढच्या रांगेत तर पाच सहा वर्षांची पोरं होती, ती घाबरून रडत होती. सेन्सॉरनं आता यूए मध्ये, म्हणजे मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली बघायच्या पिक्चरमध्ये, सात, तेरा आणि सोळा वर्षांचे वेगवेगळे टप्पे केलेत, ‘छावा’ सोळाचा होता, पण ते बघतो कोण? तिकीट काढताना आपण सीट बघतो, ऑफर बघतो, हे बारीक अक्षर बघत नाही. इतिहास मुलांना दाखवावा, पण वय बघून दाखवावा एवढंच म्हणते.

‘सैयारा’ मुलीनं मैत्रिणींबरोबर बघितला आणि डोळे सुजवून घरी आली. मी नंतर घरी बघितला. गाणी छान आहेत. एवढ्या तरुण मुलीला विसरायचा आजार होतो आणि तो मुलगा धावत राहतो, ज्या घरात म्हातारं माणूस खरंच विसरायला लागलंय त्यांना धावायला वेळ नसतो, गॅस बंद केलाय का ते बघायचं असतं. पण ते वय तसंच असतं, मी पण त्या वयात असल्याच पिक्चरला रडलेय, तेव्हा गप्प बसते. फक्त एक, तो लागला त्याच १८ जुलैला ‘ये रे ये रे पैसा ३’ पण लागला होता आणि मराठीचे शो काढून तिकडे दिले म्हणून मोठं भांडण झालं होतं, ते तुमच्याच पेपरात वाचलं.

आणि ‘सितारे ज़मीन पर’. तो थेटरात राहून गेला, मग आमिरनं १ ऑगस्टपासून यूट्यूबवर शंभर रुपयात टाकला. शंभर रुपयात पाच माणसं! वर शेजारच्या काकू पण आल्या. एका बाजूला दोन हजाराची संध्याकाळ आणि एका बाजूला शंभर रुपये आणि घरचे पोहे, यात कोण जिंकणार सांगा. पिक्चर मूळ स्पॅनिशवरून घेतलाय, बास्केटबॉलच्या टीममधली ती दहा विशेष मुलं म्हणजे खरीच बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग मुलं आहेत, नट आणून सोंग नाही केलं, आणि त्यांच्यापुढे आमिर खानची ॲक्टिंग जरा जोरात वाटते. आमच्या सोसायटीत असा एक मुलगा आहे, त्याच्याशी आमचा मुलगा पूर्वी बोलायचा नाही, आता खाली भेटला की हाय करतो. जास्त काही सांगत नाही, हाय करतो.

आता मुद्द्यावर येते. लोकं येत नाहीत हे खरं नाही. ३० जून २०२३ ला, आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, ‘बाईपण भारी देवा’ लागला तेव्हा आमच्या भिशीच्या सगळ्या जणी नऊवारी आणि गॉगल घालून गेलो होतो, थेटरात आमच्यासारखे अजून किती ग्रुप. सहा बहिणी, सहा जणींच्या सहा तऱ्हा, केदार शिंदेंनी बरोबर नस पकडली. त्यातल्या पण शेवटच्या मंगळागौरीच्या स्पर्धेत सगळं जरा सोप्पं करून टाकलंय, पण त्या दिवशी आम्हाला अवघड काही नकोच होतं, आम्हाला नाचायचं होतं. आणि २० सप्टेंबर २०२४, तो सिनेमा दिन होता, ९९ रुपये तिकीट, त्याच दिवशी ‘नवरा माझा नवसाचा २’ लागला, पहिला एसटीतला, हा कोकण रेल्वेतला. पिक्चर पहिल्याच्या जवळपास पण नाही, अशोक सराफ दिसले की तेवढं बरं वाटतं, पण थेटर फुल्ल होतं! बाहेर ओळखीची चार घरं भेटली. म्हणजे भाव परवडला की माणूस येतो.

पूर्वी मराठी पिक्चरला करमणूक कर नव्हता. आता जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाचा जीएसटी पाच टक्के केला म्हणून बातम्या आल्या, छान, पण मल्टिप्लेक्समध्ये शंभरच्या आत तिकीट दाखवा मला! वरच्याला अठराच. २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्सवाल्यांना सांगितलं मराठी पिक्चर प्राइम टाइमला लावा, त्यावर एवढी चर्चा झाली आणि शेवटी दुपारी बारा ते रात्री नऊ यात कधीही लावा असं झालं. दुपारी बारा वाजता ज्याला प्राइम टाइम वाटतो तो माणूस कधी नोकरीला गेलेला नसणार.

भाव आणि वेळ आमच्या हातात नाही, निर्मात्यांच्या पण पूर्ण नाही. पण तारीख तर आहे? कोल्हापूरला चित्रपट महामंडळ आहे, निर्माते एकमेकांच्या प्रीमियरला जाऊन फोटो काढतात, एकमेकांच्या पिक्चरला शुभेच्छा देतात, मग वर्षाच्या सुरुवातीला एक कॅलेंडर घेऊन बसायला काय हरकत आहे. १ मे एकानं घ्यावा, दुसऱ्यानं दोन आठवडे थांबावं, मुलांची सुट्टी जूनपर्यंत असते. आम्ही दोन्ही बघू. खरंच बघू. एकाच दिवशी लावले तर एक बघू आणि दुसरा मोबाईलवर, आणि मग त्या दुसऱ्याचा निर्माता मुलाखतीत म्हणणार मराठी माणूस थेटरात येत नाही.

जाता जाता एक तुमच्यासाठी पण आहे. पूर्वी पेपरात थेटरांच्या नावासकट शोच्या वेळा यायच्या, प्लाझाला इतके वाजता, भारतमाताला इतके वाजता. आता नुसती अर्ध्या पानाची जाहिरात येते, हिरोचा फोटो आणि खाली ‘आपल्या जवळच्या चित्रपटगृहात’. सासूबाईंना ॲप उघडता येत नाही, त्या शुक्रवारी पेपर घेऊन बसतात आणि मला ऑफिसात फोन करून विचारतात जवळचं म्हणजे कुठलं. तेवढ्या वेळा परत छापायला सुरुवात केलीत तर बरं होईल.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)